रात्रीच्या मीडियम वेव्हवर दूरची केंद्रे कशी पकडावीत

दुपारी बारा वाजता पुण्यातल्या एखाद्या घरात साधा रेडिओ मीडियम वेव्हवर लावून काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तर ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र आणि जागा बरी असेल तर मुंबईचे ५५८, एवढाच ऐवज हाती लागतो. बाकी सगळी खरखर. डिसेंबरातल्या रात्री नऊच्या सुमारास तोच रेडिओ त्याच खोलीत तसाच फिरवला, तर कुठे कन्नड बातम्या, कुठे तेलुगू गाणे, कुठे गुजराती भजन आणि मधेच अरबी किंवा फारसी बोलणे असे एकामागून एक कानावर येत जाते. ही केंद्रे मुद्दाम शोधून, ओळखून, नोंदवून ठेवण्याचा छंद जगभर आहे आणि त्याला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. नवख्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘रेडिओ कोणता घेऊ?’ असा असतो. माझ्या मते तो चौथा-पाचवा प्रश्न आहे. वेळ कोणती निवडली, घरातला विजेचा गोंगाट किती कमी केला आणि रेडिओ कोणत्या दिशेला वळवला, यांवरच बहुतेक यश ठरते, आणि या तिन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मीडियम वेव्हवरचे अनेक प्रक्षेपक बंद केले आहेत आणि तोच प्रकार जगभर चालू आहे. त्यामुळे खाली दिलेल्या किंवा कोणत्याही जुन्या यादीत सापडणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर आज आवाज असेलच असे नाही. मात्र याचीच दुसरी बाजू अशी की, एखादे बलाढ्य केंद्र गप्प झाले की त्याच्याखाली वर्षानुवर्षे दबलेले लांबचे केंद्र ऐकू येऊ लागते.

रात्रीच का, आणि रात्री केव्हा

मीडियम वेव्हच्या लहरी दोन वाटांनी आपल्यापर्यंत येतात. एक वाट जमिनीलगतची. ती दिवसा-रात्री सारखीच असते आणि प्रक्षेपकाची ताकद व जमिनीचा ओलावा यांनुसार शे-दोनशे किलोमीटरपर्यंत पुरते. दुसरी वाट वरून, म्हणजे आयनांबर या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागावर आपटून परत येण्याची. दिवसा सूर्यप्रकाशामुळे साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर ‘डी’ नावाचा थर तयार होतो आणि तो या लहरी वर जाण्याआधीच गिळून टाकतो. सूर्य मावळल्यावर हा थर झपाट्याने विरतो, लहरी त्यावरच्या थरांपर्यंत पोहोचतात, तिथून परतून शेकडो, कधी हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. एफएमच्या लहरी मात्र आयनांबर भेदून सहसा निघून जातात, म्हणून हा खेळ त्या पट्ट्यावर रोज रात्री खेळता येत नाही.

यातूनच वेळेचे गणित निघते. लहरींच्या सगळ्या वाटेवर अंधार हवा, किंवा निदान वाट अंधारात शिरत असावी. कोलकात्यात पुण्यापेक्षा सूर्य सुमारे तासभर आधी मावळतो, म्हणून संध्याकाळी पूर्वेकडची केंद्रे आधी जागी होतात आणि राजकोट किंवा त्यापलीकडचा पश्चिम किनारा नंतर. पहाटे क्रम तोच राहतो, परिणाम उलटा होतो: पूर्वेकडची केंद्रे आधी मावळतात आणि पश्चिमेकडची आपल्या सूर्योदयापर्यंत, कधी त्यानंतरही थोडा वेळ टिकतात. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी अर्ध्या तासापासून नंतरचा दीड तास आणि पहाटे पाच ते उजाडेपर्यंतचा काळ हे दोन तुकडे माझ्या अनुभवात सर्वांत फळतात. पहाटेचा तुकडा आळसामुळे बहुतेकांचा हुकतो, आणि नेमकी आकाशवाणीची बरीच केंद्रे सहाच्या आसपास सभा, म्हणजे प्रसारणाचे सत्र, सुरू करतात, तेव्हा नाव सांगणारी उद्घोषणा हमखास मिळते.

तिसरी संधी रात्री अकराच्या पुढची आहे. त्या सुमारास आपल्याकडची अनेक प्रादेशिक केंद्रे दिवसाची अखेरची सभा संपवतात. जवळचे केंद्र थांबताच त्याच फ्रिक्वेन्सीवर किंवा तिच्या शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कोण बोलते आहे, हे पाहावे. इराण आणि आखाताकडची केंद्रे तोवर रंगात आलेली असतात, कारण त्यांची रात्र आपल्यापेक्षा उशिरा सुरू होते.

ऋतूंचे म्हणाल तर महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुगीचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दोनशे किलोमीटरवर गडगडत असले तरी त्यांची प्रत्येक वीज रेडिओत कडकन फुटते आणि पावसाळाभर हा त्रास कमी-अधिक चालू राहतो. तरीही जून-जुलैत रेडिओ माळ्यावर टाकून देऊ नये. पावसाची उघडीप असलेली एखादी रात्र थंडीतल्या रात्रीइतकीच चांगली निघते.

रेडिओ आणि नऊचा पाढा

घरात जुना, चालू स्थितीतला, मीडियम वेव्ह असलेला कोणताही रेडिओ असेल तर सुरुवात त्यावरच करावी. आकाराने जरा मोठा संच चांगला, याचे कारण आवाज मोठा येतो हे नाही. त्याच्या पोटात काळ्या रंगाची फेराइटची लांब कांडी मावते, हे आहे. मीडियम वेव्हचा अँटेना ही कांडीच असते. वर ओढायची चकचकीत दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हवर ती पूर्ण बाहेर काढून हाताने हलवत बसणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि बहुतेक संचांवर तिचा काडीचाही उपयोग होत नाही.

नवा घ्यायचाच असेल तर आकड्यांची पट्टी असलेला, मीडियम वेव्हवर गाळणीची (शेजारच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या फिल्टरची) रुंदी बदलता येणारा छोटा डिजिटल संच घ्यावा. टेकसन किंवा एक्सएचडेटा यांसारख्या कंपन्यांचे असे संच सहज मिळतात. रुंदी सहा किलोहर्ट्झ ठेवली तर गाणे कानाला गोड लागते. दोन-तीन किलोहर्ट्झवर आणली तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, पण शेजारच्या केंद्राची घुसखोरी थांबते.

भारतात, तसेच युरोप, आफ्रिका आणि बहुतेक आशियात, मीडियम वेव्हवरची केंद्रे एकमेकांपासून नऊ किलोहर्ट्झ अंतरावर बसवलेली आहेत. ५३१ पासून १६०२ पर्यंतची प्रत्येक अधिकृत जागा नऊने भागली जाते, म्हणून तिच्या अंकांची बेरीज नऊ, अठरा किंवा सत्तावीस येते. ७९२: सात, नऊ, दोन, अठरा. १०४४: नऊ. ही शाळेतली युक्ती काट्याच्या जुन्या रेडिओवर फार कामाची आहे, कारण काटा ‘साधारण ७४०’ दाखवत असेल तर खरी जागा ७३८ असणार, हे कागद न घेता कळते.

अमेरिकेत मात्र हे अंतर दहा किलोहर्ट्झ आहे. तिकडून आलेल्या नातेवाइकाने माझ्यासाठी एक छान डिजिटल रेडिओ आणला होता आणि पहिल्या रात्री त्यावर एकही केंद्र धड लागेना. पुणे ७९० वर लागे, पण ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येत. मुंबईचे ५५८ हे ५६० वर तसेच भरड. संच खराब आहे असे मानून मी तो दोन आठवडे बाजूला ठेवला. नंतर माहितीपुस्तिकेत दिसले की, रेडिओ बंद असताना एक बटण दाबून धरले की पायरी दहाची नऊ होते. बहुतेक प्रवासी संचांत अशी सोय असते, ती पहिल्याच दिवशी तपासावी. न्यू जर्सी किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी वाचकांनी अर्थात दहाचीच पायरी ठेवावी. तिथे सिनसिनाटीचे ७००, बोस्टनचे १०३० अशी पन्नास किलोवॉटची जुनी केंद्रे रात्री निम्म्या देशात ऐकू येतात आणि प्रत्येक तासाच्या सुमारास आपली ओळखअक्षरे सांगण्याचा नियम असल्यामुळे ओळखायलाही सोपी पडतात.

घरातला गोंगाट

वीस वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या मीडियम वेव्हमध्ये सर्वांत मोठा फरक आकाशात झालेला नाही, भिंतींच्या आत झालेला आहे. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, वायफायचा राउटर, टीव्हीचा डबा, छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर या सर्वांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे मंडल असते आणि त्याची फेकलेली घाण नेमकी मीडियम वेव्हवर पडते. दूरचे केंद्र आलेलेच असते, पण या आवाजाखाली गाडले जाते.

म्हणून पहिला नियम असा की रेडिओ सेलवर चालवावा, विजेच्या अॅडॅप्टरवर चालवू नये. दुसरे काम एकदाच करायचे आहे. संध्याकाळी घरच्यांची परवानगी घेऊन, रेडिओ केंद्र नसलेल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीवर, समजा ७०० च्या आसपास, लावून ठेवावा आणि घराचा मेन स्विच पाडावा. खरखर एकदम खाली आली तर दोषी घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जावे आणि कोणत्या खोलीबरोबर आवाज परततो ते पाहावे. त्या खोलीत एकेक उपकरण चालू करावे. आमच्या घरी गुन्हेगार निघाला तो देवघरातला नऊ वॉटचा स्वस्त एलईडी दिवा. तो लागला की ५०० पासून ९०० पर्यंत मधमाश्यांचे पोळे घोंघावल्यासारखा आवाज येई. दुसऱ्या बनावटीचा दिवा लावल्यावर पोळे उठले. अशा वेळी चांगला दिवा, वाईट दिवा हे किमतीवरून कळत नाही. दुकानात छोटा रेडिओ नेऊन दिव्याजवळ धरणे हा एकमेव खात्रीचा उपाय आहे, दुकानदार काय म्हणेल ते म्हणो.

मेन स्विच पाडूनही गोंगाट तसाच राहिला, तर तो शेजारच्या घरातून, जिन्यातून किंवा रस्त्यावरच्या खांबावरून येतो आहे. त्यावर भांडण्यापेक्षा जागा बदलावी. सिमेंटच्या इमारतीत भिंतींतल्या लोखंडी सळ्या लहरी अडवतात, म्हणून खोलीच्या मध्यापेक्षा खिडकी, खिडकीपेक्षा गॅलरी आणि गॅलरीपेक्षा गच्ची चांगली. गच्चीवरही पाण्याच्या पंपाच्या आणि लिफ्टच्या खोलीपासून लांबचा कोपरा धरावा. सर्वांत उत्तम म्हणजे गावाकडचे घर, आणि त्यातही लोडशेडिंगची रात्र. विजेअभावी सगळे गाव वैतागलेले असताना रेडिओवाला एकटा खुशीत असतो. कोकण आणि गोव्यातल्या वाचकांना आणखी एक लाभ आहे: खाऱ्या पाण्यावरून येणाऱ्या कमी उंचीच्या लहरी फार कमी झिजतात, म्हणून वाळूत उभे राहून धरलेला साधा रेडिओसुद्धा समुद्रापलीकडची केंद्रे आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ देतो.

रेडिओ फिरवण्याची कला

आता मुख्य कौशल्य. फेराइटच्या कांडीला दिशा असते. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली, म्हणजे केंद्र तिच्या कुशीकडे असले, की आवाज सर्वांत जास्त येतो. कांडीचे टोक केंद्राकडे रोखले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. पहिली स्थिती पसरट असते, रेडिओ वीस-तीस अंश इकडेतिकडे झाला तरी फारसा फरक पडत नाही. दुसरी मात्र अतिशय टोकदार असते, दोन-तीन अंशांतच केंद्र बुडते आणि पुन्हा वर येते. म्हणून डीएक्सिंगमध्ये हवे ते केंद्र वाढवण्यापेक्षा नको ते केंद्र बुडवण्यासाठी दिशेचा उपयोग जास्त होतो. हे शिकण्यासाठी दुपारी, आकाशातली वाट बंद असताना, आपले स्थानिक केंद्र लावावे, रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू फिरवावा आणि आवाज कुठे बुडतो ती जागा खडूने आखावी. त्या रेषेवर रेडिओचे एक टोक तुमच्या प्रक्षेपकाकडे आहे. बुडवण पूर्ण जमत नसेल तर रेडिओ किंचित पुढे-मागे कलता करून पाहावा.

रात्री याचा वापर कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. आकाशवाणीच्या यादीत ६८४ किलोहर्ट्झवर दोन नावे आहेत: कोळिकोड आणि पोर्ट ब्लेअर. पुण्यातून पाहिले तर कोळिकोड जवळजवळ दक्षिणेला, सुमारे आठशे किलोमीटरवर आहे, आणि पोर्ट ब्लेअर पूर्व-आग्नेयेला, त्याच्या अडीचपटीहून लांब. रेडिओ टेबलावर नेहमीसारखा ठेवला तर मल्याळममधले केंद्रच कान भरून टाकते. कांडीचे टोक दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकते रोखले की मल्याळम आवाज खोल विहिरीत उतरल्यासारखा खाली जातो, आणि त्याच्या तळाशी दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्याची पुसट लय लागते. ती पोर्ट ब्लेअरची आहे असे छातीठोकपणे म्हणण्याइतके शब्द मला अजून मिळालेले नाहीत, म्हणून माझ्या वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे.

स्थानिक केंद्र शेजारच्या जागांवरही सांडते, हे लक्षात ठेवावे. पुणेकराला ७९२ च्या दोन्ही बाजूंची ७८३ आणि ८०१ ही घरे अवघड आहेत. ८०१ वर जबलपूर ऐकायचे असेल तर आधी पुणे बुडवावे, मग गाळणी अरुंद करावी आणि डिजिटल संचावर ८०१ ऐवजी ८०२ लावून पाहावे, म्हणजे स्थानिक केंद्रापासून एक किलोहर्ट्झ लांब सरकल्याने बोलणे कळू लागते. मालाडच्या आसपास, आकाशवाणीच्या मनोऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्यांची अडचण निराळी. तिथे संचाचे पुढचे मंडलच भरून जाते आणि एकच केंद्र चार ठिकाणी ऐकू येते. त्यावर घर सोडून लांब जाणे हाच इलाज.

चकवाही ओळखता आला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या संचांत मधली फ्रिक्वेन्सी, म्हणजे संच आत आलेले प्रत्येक केंद्र ज्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आणतो ती, ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे एखादे बलवान केंद्र आपल्या खऱ्या जागेपेक्षा ९१० किलोहर्ट्झ खालीही भुतासारखे प्रकटते. सोलापूरकराला आपले १६०२ वरचे केंद्र ६९२ च्या जवळ सापडले, तर नवा शोध लागल्याचा आनंद करू नये. ६९२ ला नऊने भाग जात नाही, हीच पहिली खूण. तसेच एखाद्या जागेवर धबधब्यासारखा सपाट, न बदलणारा घोष ऐकू आला, तर तो घरातला गोंगाटच असेल असे नाही; ते आकाशवाणीचे डीआरएम पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण असण्याचीही शक्यता असते. साध्या संचावर त्यातून काही निघत नाही.

तारेची चौकट

वरचे सगळे जमल्यावर आणखी पुढे जायचे असेल तर एका सुट्टीच्या दिवशी घरी बनवता येण्यासारखी एकच वस्तू सुचवीन. ८५ सेंटिमीटर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या मध्यावर फुलीसारख्या जोडाव्यात. चारही टोकांवर सात सेंटिमीटर रुंदीचे लाकडाचे तुकडे आडवे ठोकून त्यांत सहा मिलिमीटर अंतराने खाचा कराव्यात. या खाचांतून घरातल्या बेलसाठी वापरतात तसल्या प्लास्टिकवेष्टित तारेचे अकरा वेढे घालावेत. चौकोनाची बाजू साधारण साठ सेंटिमीटर भरते आणि तार सत्तावीस मीटरच्या आत संपते, तीस मीटर घ्यावी. तारेची दोन टोके जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरच्या (केंद्र लावताना फिरणाऱ्या पत्र्यांच्या भागाच्या) एका भागाला जोडावीत: एक टोक स्थिर पत्र्यांना, दुसरे फिरत्या पत्र्यांच्या सांगाड्याला. पत्र्यांचा जुना गँग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केल्यास मिळतो, नाहीतर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या खोक्यात हमखास असतो. खिशातल्या रेडिओचा प्लास्टिकचा लहान गँग वापरला तर त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडावेत; तरी पट्ट्याचा वरचा भागच सापडेल.

ही चौकट रेडिओला कुठेही जोडायची नाही, विजेचा तर संबंधच नाही. ती उभी धरून रेडिओ तिच्याजवळ असा ठेवायचा की आतली फेराइटची कांडी चौकटीच्या पृष्ठभागाला काटकोनात, म्हणजे चौकटीतून आरपार जाणाऱ्या काठीसारखी असेल. रेडिओवर अंधूक केंद्र लावून गँग हळूहळू फिरवला की एका बिंदूवर आवाज एकदम उसळतो. पहिल्यांदा हे घडते तेव्हा दचकायला होते. चौकटीची कड ज्या दिशेला असेल तिकडचे केंद्र वाढते आणि तिच्या तोंडासमोरचे बुडते. गँग पूर्ण मिटूनही ५५८ च्या आसपासची उसळी येत नसेल तर एक-दोन वेढे वाढवावेत; पूर्ण उघडूनही १६०० पर्यंत पोहोचत नसेल तर एखादा कमी करावा. लांबलचक तार गच्चीवरून झाडापर्यंत ताणण्याचा जुना मार्गही आहे, पण तिच्याने शहरातला गोंगाटही तितकाच वाढतो, विजेच्या तारांजवळ तिचा धोका असतो आणि वळवाच्या दिवसांत ती घरात आणणे म्हणजे विजेला आवतण देणे.

केंद्र ओळखणे

आवाज येणे ही अर्धीच गोष्ट झाली. नाव पटल्याशिवाय वहीत लिहू नये. भाषा हा पहिला धागा: ६१२ वर बंगळूर, ७६५ वर धारवाड, ७३८ वर हैदराबाद, ७२० वर चेन्नई, ६५७ वर कोलकाता, ८१० वर राजकोट, ८१९ वर दिल्ली अशी जोडी जुळली तर अंदाज पक्का होत जातो. श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ८८२ वर ट्रान्स वर्ल्ड रेडिओचे ख्रिस्ती कार्यक्रम भारतीय भाषांत येतात. तिथे तमिळ किंवा तेलुगू ऐकून आकाशवाणी समजू नये. आणि जुन्या पिढीला आठवणारी सिलोनची हिंदी गाणी बहुतेकांनी शॉर्ट वेव्हवर ऐकलेली होती, ती मीडियम वेव्हवर शोधत बसू नये.

नवख्याला फसवणारी गोष्ट म्हणजे दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या बातम्या. त्या वेळी इंदूर, लखनौ, जालंधर सगळीकडे एकच आवाज असतो आणि बातम्या ऐकून केंद्र कळत नाही. बातम्या संपेपर्यंत थांबावे. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात स्थानिक उद्घोषक बोलतो, केंद्राचे नाव घेतो आणि पुष्कळदा मीटर (लहरीची लांबी) व किलोहर्ट्झ दोन्ही सांगतो: ५५८ साठी ५३७.६ मीटर, ७९२ साठी ३७८.८. तीन लाखांना किलोहर्ट्झने भागले की मीटर मिळतात, म्हणून भाषा कळली नाही तरी आकडे कळले तर काम होते. निदान कन्नड, तेलुगू आणि तमिळमधले एक ते दहा पाठ असावेत. पहाटे सभा सुरू होण्याआधी वाजणारी आकाशवाणीची धून, जी १९३० च्या दशकात वॉल्टर कॉफमन यांनी बांधली, ती ऐकू आली तर समोरचे केंद्र भारतीय आहे एवढे ठरते, आणि तिच्यामागोमाग येणाऱ्या उद्घोषणेसाठी कान टवकारून बसता येते. आवाज लाटेसारखा येतो-जातो आणि नेमका नावाच्या वेळी बुडतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणून मोबाइल विमान-मोडवर टाकून, हातभर लांब ठेवून तासाच्या आधीची व नंतरची पाच मिनिटे ध्वनिमुद्रित करावीत; हेडफोन लावून तेच चार वेळा ऐकले की पहिल्यांदा निसटलेला शब्द बऱ्याचदा सापडतो.

नोंद आणि पत्र

नोंदवहीत तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, ऐकलेला तपशील, कांडीची दिशा आणि आवाजाचा दर्जा लिहावा. दर्ज्यासाठी सिन्पो नावाची पाच अंकांची पद्धत सर्वत्र चालते: ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, वातावरणातला गोंगाट, चढउतार आणि एकूण गुण, प्रत्येकाला एक ते पाच, पाच म्हणजे उत्तम. ‘२३४३२’ म्हणजे क्षीण पण कसेबसे कळणारे केंद्र. वेळ भारतीयही लिहावी आणि जागतिकही; आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की रात्रीचे ९.१५ हे १५.४५ होतात.

केंद्राला ऐकल्याचा अहवाल पाठवला आणि तो खरा ठरला, तर ते पोचपावती म्हणून जे कार्ड पाठवते त्याला क्यूएसएल म्हणतात. आकाशवाणीच्या केंद्रांसाठीचे अहवाल नवी दिल्लीच्या आकाशवाणी भवनातील स्पेक्ट्रम विभागाकडे जातात. ‘तुमचे केंद्र छान लागले’ एवढ्या वाक्यावर कार्ड मिळत नाही आणि मिळूही नये. निदान वीस मिनिटांचा तपशील मिनिटांसह हवा: कोणत्या वेळी कोणते गाणे, उद्घोषक पुरुष की बाई, जाहिरात कशाची, बातम्या किती वाजता सुरू झाल्या. सहक्षेपित बातम्यांचा मजकूर पुरावा म्हणून देऊ नये, तो कुठेही ऐकता येतो. स्थानिक शेतकी कार्यक्रमातला एखादा गावाचा उल्लेख त्यापेक्षा कितीतरी वजनदार असतो. आपला रेडिओ, अँटेना आणि आपण नेमके कुठून ऐकले ते लिहावे, पत्राची भाषा नम्र ठेवावी आणि उत्तराची वाट सहा महिने तरी पाहावी.